घरगुती ड्रिल: कमानीपासून बॅटरीपर्यंत

फिरवून भोक पाडणारे अवजार चाकाहून जुने आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींच्या ११ दाढांना जिवंतपणी पाडलेली भोके आढळली. त्यांचा काळ सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा ठरतो. हा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला. मणी विंधण्यासाठी जी कमान आणि चकमकीच्या दगडाचे जे टोक वापरात होते, तेच दातांवरही चालवले गेले असावे, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. पुढे सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी याच तंत्राने अकिकाचे लांबट मणी आरपार विंधले. चन्हुदडो येथे अशा मण्यांचा कारखानाच सापडला आहे, आणि तशा घडणीचे मणी मेसोपोटेमियात उर येथील राजकबरींपर्यंत पोहोचले होते. गुजरातेत खंबातचे मणीकार आजही कमानीनेच अकीक विंधतात. फरक एवढाच, की टोकाला आता हिऱ्याच्या कण्या असतात.

महाराष्ट्रातील सुताराकडे याच कुळीचा सामता असे. लोखंडी टोक बसवलेल्या लाकडी दांड्याला कमानीच्या दोरीचा वेढा द्यायचा, डोक्यावर वाटी दाबून धरायची आणि कमान पुढेमागे ओढायची, की दांडा गरगर फिरतो. लहान, आंधळ्या जागी हाताने पिळून चालवायचे गिरमीट वापरत. गावगाड्यात या अवजारांना काम भरपूर होते. तिफणीच्या चाड्याला बियाणे खाली उतरण्यासाठी भोके लागत, दाराच्या चौकटीच्या सांध्यांत लाकडी खिळ्यांसाठी लागत, पाळण्याच्या कड्यांसाठी लागत. परंतु कमानीच्या अवजारात एक मूळचे वैगुण्य आहे. दांडा एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरतो, त्यामुळे टोकाची धार एकाच दिशेला कापणारी करता येत नाही. टोक कापण्यापेक्षा खरवडण्याचेच काम अधिक करते.

हे वैगुण्य युरोपात पंधराव्या शतकात दूर झाले. इंग्रजी सी अक्षरासारखा बाक असलेला हातब्रेस एकाच दिशेने सतत फिरवता येत असे. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात मेरोड नावाचे जे फ्लेमिश चित्र आहे, त्यात येशूचा पिता जोसेफ फळीला अशाच ब्रेसने भोके पाडताना दिसतो. हे चित्र १४३० सालच्या आसपासचे आहे. सतत एका दिशेने फिरणे शक्य झाल्यावर पुढची अडचण उरली ती भुशाची. भोक खोल गेले, की कीस आतच दाटतो आणि बिट अडकते. अमेरिकेतील स्टीफन मॉर्स यांनी १८६३ साली पेटंट घेतलेल्या पिळाच्या बिटाने हा प्रश्न सोडवला. बिटावरील दोन नागमोडी चरांतून कीस आपोआप वर येतो. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे धातूचे बिट मूळ रचनेत मॉर्स यांचेच आहे. बिट घट्ट पकडणारा, दातेरी चावीने आवळायचा चक आर्थर जेकब्स यांनी १९०२ मध्ये नोंदवला. म्हणजे ड्रिलचे पुढचे निम्मे अंग विजेची वाट न पाहता स्वतंत्रपणे घडले.

मागच्या अंगाची सुरुवात घरापासून फार दूर झाली. मेलबर्नमधील आर्थर जेम्स आर्नट आणि विल्यम ब्लांच ब्रेन यांनी १८८९ साली विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले, ते खडक आणि कोळसा फोडण्यासाठी. हातात धरून नेता येईल असे विजेचे ड्रिल १८९५ मध्ये स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने बनवले. तेही कारखान्यातील धडधाकट माणसानेच पेलावे असे होते. वापराच्या सोयीचा विचार खऱ्या अर्थाने झाला तो बाल्टिमोरमध्ये. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर या दोघांनी १९१० साली छोटा यंत्रकारखाना काढला होता. १९१७ मध्ये त्यांना पिस्तुलासारखी मूठ आणि तर्जनीने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. ही घडण इतकी स्वाभाविक ठरली, की शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी कोणत्याही कंपनीला ती बदलावीशी वाटलेली नाही. १९१८ मध्ये मिलवॉकी येथे पाव इंची बिटाचे, सुमारे सव्वादोन किलो वजनाचे ड्रिल निघाले आणि एका हाताने काम करणे शक्य झाले.

तरीही ही सारी विक्री मोटार कारखाने, गॅरेजे आणि बांधकामाच्या जागा यांच्यासाठीच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी युद्धसाहित्याच्या कारखान्यांतून हलकी ड्रिले वारंवार गायब होऊ लागली. कामगार ती घरच्या डागडुजीसाठी नेत होते. चोरीच्या या तक्रारीत ब्लॅक अँड डेकरने बाजारपेठ पाहिली. १९४६ साली कंपनीने खास घरासाठी पाव इंची ड्रिल काढले आणि किंमत ठेवली १६ डॉलर ९५ सेंट. युद्धावरून परतलेले सैनिक, उपनगरांत धडाधड उभी राहणारी लाकडी सांगाड्यांची घरे आणि महागलेली मजुरी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि घरोघरी ड्रिल पोहोचले. यातील लाकडी सांगाड्याचा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण घरगुती ड्रिलची ताकद, वजन आणि आकार त्या घरांच्या भिंतींवर बेतलेले आहेत.

वायर ही या ड्रिलची मोठी अडचण होती. शिडीवर, छतावर, गच्चीत किंवा कुंपणाजवळ ती पुरत नसे. धातूच्या अंगाच्या जुन्या ड्रिलमध्ये अर्थिंग नसेल तर विजेचा झटका बसण्याची भीती असे ती वेगळीच. वायर काढून टाकायची तर मुठीत मावेल अशी आणि पुन्हा भरता येईल अशी बॅटरी हवी. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ सालीच निकेल-कॅडमियम बॅटरी शोधली होती. परंतु पूर्ण बंदिस्त, गळती न होणारे आणि आडवे-उभे कसेही धरले तरी चालणारे सेल मोठ्या प्रमाणावर मिळू लागायला विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने असे सेल मुठीत बसवून जगातील पहिले बिनवायरचे ड्रिल बाजारात आणले.

ते ड्रिल दुबळे होते. निकेल-कॅडमियमचा एक सेल जेमतेम १.२ व्होल्ट देतो आणि मुठीत मावतील तेवढेच सेल घालता येतात. वायरच्या ड्रिलच्या तुलनेत ताकद फारच कमी असल्याने सुरुवातीचा ग्राहकही मर्यादित राहिला. तथापि या दुबळेपणातूनच एक महत्त्वाची गोष्ट घडली. बॅटरी मोठी करता येत नाही म्हटल्यावर अभियंत्यांना मोटरीकडे वळावे लागले. कमी विजेत जास्त काम देणारी मोटर आणि गती कमी करून पीळ वाढवणारी दंतचक्रे यांवर काम सुरू झाले.

याच काळात अवकाशाशी ड्रिलचा संबंध आला आणि त्यातून एक गैरसमजही रूढ झाला. बिनवायरचे ड्रिल नासाने शोधले, असे सर्रास सांगितले जाते. घटनाक्रम उलटा आहे. बिनवायरचे ड्रिल आधी बाजारात आले आणि नासाच्या कामाचे कंत्राटदार त्यानंतर ब्लॅक अँड डेकरकडे गेले. जेमिनी मोहिमांसाठी मार्टिन मॅरिएटा कंपनीला असा पाना हवा होता, की जो वजनरहित अवस्थेत बोल्ट फिरवील पण अंतराळवीराला उलट दिशेने गिरकी देणार नाही. त्यानंतर अपोलो मोहिमांसाठी चंद्राच्या पृष्ठभागाखालचे नमुने काढणारे ड्रिल तयार झाले. त्याची बॅटरी चांदी आणि जस्ताची होती. १९७१ साली अपोलो १५ च्या वेळी डेव्हिड स्कॉट यांनी ते प्रथम चालवले, आणि मॉर्स यांनी शतकापूर्वी सोडवलेली अडचण चंद्रावर पुन्हा उभी राहिली. उष्णतामापनासाठी खोदायच्या नळ्यांच्या सांध्यांपाशी पिळाचे चर अखंड नव्हते, त्यामुळे माती वर न येता तेथेच दाटली. तीन मीटर खोल जायचे होते. भोक जेमतेम त्याच्या निम्म्यावर थांबले. मातीचा सुमारे २.४ मीटर लांबीचा नमुना मात्र मिळाला. तो उपसून काढण्यासाठी दोघा अंतराळवीरांना सारी ताकद लावावी लागली. अपोलो १६ साठी नळ्यांची रचना बदलण्यात आली. घरगुती वापराला या प्रकल्पातून जे मिळाले ते ड्रिल नव्हे. कमीत कमी विजेवर चालणाऱ्या मोटरीची आखणी करण्याचे गणिती तंत्र कंपनीच्या हाती लागले, आणि १९७९ मध्ये आलेल्या हातातल्या छोट्या व्हॅक्यूम क्लीनरमागे तो अनुभव होता.

जपानच्या माकिता कंपनीने १९७८ मध्ये निकेल-कॅडमियमचे ७.२ व्होल्टचे ड्रिल आणले. पुढील दोन दशके व्होल्टेज वाढवण्याची चढाओढ चालली: ९.६, १२, १४.४, १८. व्होल्टेज वाढवायचे म्हणजे १.२ व्होल्टचे सेल वाढवायचे. १८ व्होल्टला १५ सेल लागत, म्हणून त्या काळची ड्रिले मुठीखाली वीट बांधल्यासारखी दिसत. त्यातच या बॅटरीला अर्धवट वापरून पुन्हा भरण्याची सवय सोसत नसे आणि काम न करताही महिन्याभरात तिचा भार बराच उतरे. वर्षातून चार वेळा ड्रिल काढणाऱ्या गृहस्थाला हवे तेव्हा ते हटकून रिकामे मिळे. कॅडमियम विषारी असल्याने त्याची विल्हेवाट हा आणखी एक प्रश्न होता. युरोपीय संघाने बिनवायरच्या अवजारांना दिलेली सवलत काढून घेतली आणि २०१६ च्या अखेरीनंतर तेथे अशा नव्या बॅटऱ्यांची विक्री बंद झाली. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मधल्या काळात येऊन गेली.

घरगुती ड्रिलचे रूप पालटले ते लिथियम-आयनमुळे. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ही बॅटरी प्रथम विक्रीस आणली, पण तिचे सुरुवातीचे सेल कॅमेऱ्यासारख्या संथ कामासाठी होते. ड्रिलला क्षणात मोठा प्रवाह लागतो आणि तो सोसणारे सेल यायला आणखी दशक गेले. २००३ मध्ये बॉशने छोट्या स्क्रू-ड्रायव्हरमध्ये लिथियम सेल वापरला. २००५ मध्ये मिलवॉकी कंपनीने २८ व्होल्टची मोठी अवजारे आणली. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्ट देतो, म्हणजे १८ व्होल्टला १५ ऐवजी पाचच सेल पुरतात. बॅटरी महिनोन्महिने कपाटात राहिली तरी बराचसा भार टिकवते. घरच्या वापराला हा दुसरा गुण पहिल्याहून मोलाचा ठरला. ज्या शोधांवर ही बॅटरी उभी आहे, त्यांसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ड्रिलइतकाच महत्त्वाचा इतिहास भोकात स्क्रूला पकड देणाऱ्या गिट्टीचा आहे. विटेत किंवा सिमेंटात स्क्रू स्वतःहून धरत नाही. लंडनचे जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांना ब्रिटिश म्युझियममधील एका कामात भिंती फारशा न उकरता विजेच्या जोडण्या बसवायच्या होत्या. १९११ मध्ये त्यांनी तागाच्या धाग्यांची चिकटवलेली नळी भोकात घालून त्यात स्क्रू पिळण्याची युक्ती नोंदवली. ती स्क्रूबरोबर फुगून भिंतीला घट्ट धरते. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी तीच गोष्ट नायलॉनमध्ये केली. दरम्यान क्रुप कंपनीने १९२६ पासून विडिया या नावाने टंगस्टन कार्बाइड विकायला सुरुवात केली होती. त्याचे टोक बसवलेल्या बिटाला आपल्याकडचे कारागीर आजही विडियाचे बिट म्हणतात.

कठीण भिंतीसाठी नुसते फिरणे पुरत नाही, ठोके लागतात. येथे दोन यंत्रांत गल्लत होते. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला बारीक हिसके देतात, आणि माणूस जितका रेटील तितकाच ठोका बसतो. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर हलणारा दट्ट्या असतो. त्याचा ठोका माणसाच्या रेट्यावर अवलंबून नसतो. बिट खटकन बसवण्याची एसडीएस पद्धत १९७५ मध्ये आली ती या दुसऱ्या प्रकारासाठी. दोन्ही यंत्रांच्या खोक्यांवर हॅमर हा शब्द असतोच, त्यामुळे घेणारा फसतो.

महाराष्ट्रातील जुन्या घरात ड्रिलची गरजच फारशी पडत नसे. वाड्याची भिंत बांधतानाच तिच्यात लाकडी खुंट्या बसवत, कोनाडे आणि देवळ्या सोडत, फडताळे करत. पागोटे, कंदील, पिशव्या यांची सोय गवंड्याने आधीच केलेली असे. कोकणात जांभ्याच्या भिंतीत खुंटी सहज ठोकता येई. सिमेंट काँक्रीटच्या इमारती आणि फ्लॅट आल्यावर भिंत गुळगुळीत व बंदिस्त झाली आणि टांगायच्या वस्तू मात्र वाढल्या. प्रथम छिन्नी-हातोड्याने खाच पाडून तिच्यात सिमेंटने लाकडी ठोकळा बसवत आणि त्यावर स्क्रू मारत. मग इलेक्ट्रिशियन वायरचे ड्रिल घेऊन येऊ लागला.

ही अवजारे स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रातही बनू लागली. मुंबईत मुलुंडला रॅलीवुल्फचा कारखाना होता. त्याच्या नावातील वुल्फ म्हणजे ब्रिटनमध्ये घरगुती ड्रिले लोकप्रिय करणारी कंपनी. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला १९७६ साली कुलकर्णी पॉवर टूल्सची स्थापना झाली. ही ड्रिले दणकट, जड आणि कारागिराच्या हाताची होती. सामान्य घराला ती परवडत नसत, आणि माणूस बोलावला की काम होत असल्याने लागतही नसत. अशा वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध एप्रिल २००१ पर्यंत उठले आणि परदेशी ड्रिले हार्डवेअरच्या दुकानांत दिसू लागली. ऑनलाइन विक्री सुरू झाल्यावर ती घरात आली. पडद्यांचे रॉड, भिंतीवरचा टीव्ही, पाण्याचा फिल्टर, गीझर असे एकामागून एक काम निघते, आणि प्रत्येक वेळी माणूस मिळेलच याची खात्री उरलेली नाही. दुपारी दोन ते चार ड्रिल चालवू नये, ही सोसायटीच्या फलकावरील ओळ या बदलाचा पुरावाच मानावी.

मात्र येथे लाकडी सांगाड्याची अमेरिकी घरे आणि मराठी माणसाचा फ्लॅट यांतील फरक आडवा येतो. पाश्चात्त्य जाहिरातीत जिप्समच्या भिंतीत लोण्यासारखे शिरणारे छोटे ड्रिल येथील काँक्रीटच्या तुळईपुढे हतबल होते. भिंत कशाची आहे, हे ड्रिल घेण्याआधी पाहावे लागते. भाजक्या विटेच्या भिंतीत १८ व्होल्टचे साधे हॅमर ड्रिल सहा-आठ मिलिमीटरचे भोक नीट पाडते. पुण्यात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने १९७०च्या दशकापासून रुळवलेले सिपोरेक्स आणि आताचे तशाच जातीचे हलके ठोकळे यांत ठोका बंद ठेवून नुसतेच फिरवावे, नाही तर भोक फाटते आणि गिट्टी ढिली बसते. जांभ्यात लांब गिट्टी लागते. खरी पंचाईत मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत होते. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या या इमारतींच्या बहुतेक भिंती सलग काँक्रीटच्या असतात. तेथे घरगुती बिनवायरचे ड्रिल बिट तापवते आणि बॅटरी संपवते. रोटरी हॅमर भाड्याने आणणे किंवा कारागीर बोलावणे हेच शहाणपणाचे.

खोक्यावरील आकडेही तपासूनच घ्यावे लागतात. एकाच ड्रिलवर कुठे १८ तर कुठे २० व्होल्ट लिहिलेले असते. पाच सेलची बॅटरी नुकतीच भरलेली असताना २० व्होल्ट देते आणि कामात १८ वर स्थिरावते, एवढाच त्याचा अर्थ. १२ व्होल्टचे ड्रिल त्याच न्यायाने १०.८ चे असते. काही स्वस्त ड्रिलांवर ४८ किंवा ८८ असे ठसठशीत आकडे छापलेले असतात आणि आत सेल बहुधा पाचच निघतात. अँपिअर-तास हा आकडा काम किती वेळ चालेल ते सांगतो, ताकद सांगत नाही. ताकदीसाठी न्यूटन-मीटरमधील पीळ पाहावा. चक १३ मिलिमीटरचा असला तर बहुतेक सर्व बिटे बसतात. कार्बन ब्रश नसलेली मोटर बॅटरी जपून वापरते, पण क्वचित वापरणाऱ्याला तिची जादा किंमत वसूल होत नाही. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या अवजारात सहसा बसत नाही, म्हणून पहिले ड्रिल घेताना पुढच्या अवजारांचीही कंपनी नकळत ठरून जाते.

लिथियम बॅटरी न वापरताही जुनी होते, आणि पूर्ण भरून उन्हाळ्यात माळ्यावर ठेवली तर लवकर होते. ती अर्धी भरून थंड जागी ठेवावी. ज्या घरात वर्षाकाठी पाच-दहा भोकेच पाडायची असतात आणि प्रत्येक खोलीत विजेचा पॉइंट आहे, तेथे वायरचे १३ मिलिमीटरचे हॅमर ड्रिल अजूनही स्वस्त, ताकदवान आणि दीर्घायुषी ठरते. स्क्रू पिळण्याचे, फर्निचर जोडण्याचे आणि गच्चीवरचे काम असेल तर बिनवायरचे घ्यावे. निकामी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.